आधी परसदार

कुठल्याही लॉजवर पाहणीसाठी गेले की मी आधी विचारते, चादरी कुठे धुता? स्वागताचं सरबत हातात देणारी मुलगी जरा गोंधळते. तिला वाटलेलं असतं, मी स्विमिंग पूल बघायला मागेन, नाहीतर समुद्राकडे तोंड असलेली खोली. तिथेही मी जाते, पण नंतर. आधी स्वयंपाकघराची मागची बाजू, कचऱ्याची पिंपं, सांडपाणी जातं ती वाट, कामगारांच्या खोल्या आणि धुण्याची जागा. माझी आजी कुणाचं स्थळ बघायला गेली की काहीतरी निमित्त काढून परसदारी जाऊन यायची. मोरी कशी आहे, आडाभोवती चिखल आहे का, गडीमाणसं कुठे बसून जेवतात, एवढं पाहिलं की तिचं मत तयार व्हायचं. दिवाणखान्यात काय मांडलंय याला तिच्या लेखी फार किंमत नव्हती. सतरा वर्षं मी पुण्यात बसून लोकांच्या सहली आखते आहे. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘शाश्वत’ हे शब्द ज्या जागांच्या पाटीवर असतात त्यांची पारख करायला आजीची रीत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

दोन वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या एका द्राक्षबागायतदार काकांचा फोन आला. म्हणाले, “ताई, लेक ह्यूस्टनला असते. आम्ही दोघं फेब्रुवारीत तिच्याकडे चाललोय. मार्चमध्ये नातवाला आठवडाभर सुट्टी आहे. तिथून जवळ कुठेतरी चांगलं जंगल दाखवा. चांगलं म्हणजे अगदी चांगलं, पैशाकडे बघू नका. फक्त हिच्या गुडघ्यांना झेपलं पाहिजे, आणि ही अंडंसुद्धा खात नाही.”

मी कोस्टा रिका सुचवलं. ह्यूस्टनहून विमानाने चार तासांच्या आत पोचता येतं, आणि अमेरिकेचा व्हिसा हातात असल्याने वेगळ्या व्हिसाची दगदग नव्हती. पुण्या-मुंबईहून केवळ नऊ दिवसांसाठी तिथे जायला मी कुणाला सांगत नाही. दोन खंड ओलांडून जायचं आणि आठवड्यात परतायचं, यात जंगलाच्या नावाने जेवढा धूर सोडला जातो तो कुठल्याही बांबूच्या ब्रशने भरून निघत नाही. जायचंच तर तीन आठवडे काढा, नाहीतर असं कुणाकडे गेल्यावर तिथून जोडून घ्या, हे मी पहिल्याच फोनवर सांगते. त्यामुळे काही गिऱ्हाइकं जातात. जाऊ देते.

चार दिवसांनी जावयाने यादी पाठवली. ज्वालामुखी, गरम पाण्याची कुंडं, झिपलाइन, मोंतेव्हेर्देचं ढगातलं जंगल, कासवांचा किनारा, राफ्टिंग, शेवटी समुद्रकाठचं रिसॉर्ट. नऊ रात्रींत सात ठिकाणं. यादी नीट होती, नकाशावर रंगीत टाचण्यासुद्धा लावलेल्या होत्या. माणसाने रात्री जागून केलेलं काम आहे हे कळत होतं. मी त्यांना फोन केला आणि एकच विचारलं, “तुमच्या सासूबाई दिवसाला किती वेळा गाडीत चढू-उतरू शकतील?” पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्या देशाचे रस्ते डोंगरी आणि वळणाचे. नकाशावर शंभर किलोमीटर दिसलं तरी अडीच-तीन तास धरावे लागतात. सात ठिकाणं म्हणजे निम्मी सुट्टी गाडीच्या काचेतून. कासवंही मार्चमध्ये भेटली नसती, कारण तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात ती जुलै ते ऑक्टोबर. सातातून आम्ही दोनावर आलो. तीन रात्री डोंगरात सान हेरार्दो दे दोताला, पाच रात्री दक्षिणेला ओसा द्वीपकल्पावर, आणि परतीच्या विमानासाठी एक रात्र राजधानी सान होसेला. जावई खट्टू झाले, पण सासूबाईंच्या गुडघ्यांपुढे त्यांनी वाद घातला नाही.

काकांची कळी मात्र वेगळ्याच गोष्टीने खुलली. त्या देशाविषयी दोन शब्द सांगावेत म्हणून मी बोलत होते. १९४८ साली त्यांनी सैन्यच बरखास्त केलं. १९४०च्या दशकात देशाचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली होता, तो गुरांच्या कुरणांसाठी तोडत तोडत १९८०च्या दशकात चतुर्थांशाच्या आसपास उरला, आणि आज पुन्हा निम्म्याच्या वर गेला आहे. काकांनी मला थांबवलं. “कसा गेला?” मग मी सांगितलं, की १९९६ साली तिथे वनांचा नवा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून आपल्या जमिनीवर जंगल राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देऊ लागलं. पाणी धरून ठेवणं, हवेतला कार्बन शोषणं, जीवजंतू सांभाळणं आणि डोळ्यांना सुख देणं, ही जंगलाची चार कामं कायद्यात लिहिली. त्या कामांची मजुरी जमीनमालकाला, आणि तो पैसा मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. काका म्हणाले, “म्हणजे झाड उभं ठेवायचे पैसे?” मी हो म्हटलं. “हेक्टरी किती?” संरक्षणासाठी वर्षाला साठ-पासष्ट डॉलरच्या आसपास मिळत आले आहेत, असं मी सांगितलं. त्यांनी मनात हिशोब केला असावा. “तेवढ्यात भागत नाही, ताई. दुसरं काहीतरी जोडीला असणार.” आयुष्यभर शेती केलेल्या माणसाने एका वाक्यात वर्मावर बोट ठेवलं होतं. जोडीला पाहुणे आहेत, आणि म्हणूनच माझ्या कामाची जबाबदारी मोठी. मी कुणाला कुठे उतरवते यावर कुणाचं तरी झाड उभं राहतं किंवा पडतं.

हे मला सुरुवातीपासून उमगलेलं होतं असं नाही. या देशात मी पाठवलेल्या पहिल्या काही पाहुण्यांत पुण्यातलं एक डॉक्टर जोडपं होतं. जागा मी फोटो आणि माहितीपत्रक पाहून निवडली होती, नावात ‘इको’ होतं, कमिशनही बरं होतं. दोघं आनंदात परत आली आणि फोटो पाठवले. एका फोटोत बाईंच्या कडेवर स्लॉथ होता, लहान मुलासारखा गळ्यात हात टाकलेला, हसरा. मी तो फोटो माझ्या ऑफिसात लावला. पुढे तिथे गेले तेव्हा एका वाटाड्याने मला समजावलं, की स्लॉथच्या चेहऱ्याची ठेवणच हसरी असते. तो भेदरलेला असतो तेव्हाही तसाच दिसतो. पळून जाणं त्याच्या अंगात नाही, तो आणखी घट्ट धरून ठेवतो, आणि आपल्याला वाटतं लाडात आला. ज्या जागेत तो दिवसभर या कडेवरून त्या कडेवर जात होता तिथे मी माणसं पाठवली होती. फोटो मी काढून टाकला, तेवढ्याने भागलं नाही. त्या वर्षापासून मी न पाहिलेल्या जागेत कुणाला पाठवत नाही, आणि जागांकडून कमिशन घेत नाही. आखणीची फी गिऱ्हाइकाकडून सरळ घेते. फी पहिल्यांदा ऐकली की लोक चमकतात, कारण बाकीच्यांकडे आखणी ‘फुकट’ असते. मी म्हणते, फुकट नसते, तुमच्या खोलीच्या भाड्यात बसवलेली असते, आणि जिथे जास्त बसवता येते तिथेच तुम्हाला उतरवलं जातं. २०१९ साली कोस्टा रिकाच्या सरकारने जंगली प्राण्यांना धरून, चिकटून काढलेल्या सेल्फींविरुद्ध मोहीम सुरू केली, तेव्हा ती बातमी मी त्या डॉक्टरीणबाईंना पाठवली. त्यांचं उत्तर लगेच आलं, “मला तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर मी हात लावला नसता.” सांगायचं काम माझं होतं.

ओसाची पाहणी मी आदल्या वर्षी एप्रिलमध्ये केली होती. एप्रिल मुद्दाम धरला. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत तिथला कोरडा काळ, म्हणजे पाण्याची खरी परीक्षा शेवटच्या महिन्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओसावर इतका पाऊस कोसळतो की काही लॉज महिनाभर बंदच असतात. तेव्हा कुठल्याही जागेचे झरे वाहतातच.

पहिली जागा माहितीपत्रकात सगळ्यात देखणी होती. डोंगराच्या धारेवर काचेचे बंगले, प्रत्येकापुढे कडेला पाणी आणि आकाश एक होणारा छोटा पूल. मी मागच्या बाजूने फिरत असताना एका बंगल्याच्या काचेवर पंखांचा ठसा दिसला. पारव्याएवढा एखादा पक्षी वेगात येऊन आदळला असावा, कारण पिसांवरची पूड काचेवर तशीच उमटून राहिली होती. एकेक पीस मोजता येत होतं. काचेत त्याला पलीकडच्या झाडांचं प्रतिबिंब दिसलं असणार. मग पाण्याचं विचारलं. अकरा पुलांचं पाणी वरच्या ओढ्यातून येत होतं, आणि त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्तीची टाकी होती. एप्रिलमध्ये वस्तीला पाणी एक दिवसाआड मिळतं, हे तिथल्या माळ्याने सांगितलं, तेही मी त्याच्याशी मोडक्या स्पॅनिशमध्ये अर्धा तास बोलल्यावर. मी पाहणीची वही मिटली.

दुसरी जागा ड्रेक उपसागराच्या बाजूची. सिएर्पे नदीतून खारफुटीच्या जंगलामधून बोटीने जायचं, सव्वा तासाचा प्रवास, असा की बोलायलाच सुचू नये. जागा परसदारीसुद्धा स्वच्छ होती. पण किनाऱ्याला धक्का नाही. बोट लाटांत थांबते आणि गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरावं लागतं. काकूंसाठी ती जागा तिथेच संपली.

तिसरी पुएर्तो हिमेनेसच्या पुढे, कच्च्या रस्त्याची. वाटेत ओढे थेट पाण्यातून ओलांडावे लागतात, उंच गाडी हवी, पण गाडी दारापर्यंत जाते. या टोकाला चांगला पायंडा जुनाच आहे. १९९३ साली लापा रिओस नावाचं लॉज सुमारे चारशे हेक्टर जंगल राखून इथे उभं राहिलं, आणि जंगल न तोडता माणसांना रोजगार देता येतो हे आजूबाजूच्यांना दिसलं. मी पाहत होते ती जागा त्याहून खूप लहान, बारा कॉटेजची. भिंतींच्या जागी डासांची जाळी, वर पंखा, एसी नाही, टीव्ही नाही. धुण्याची जागा मागे होती. पारदर्शक पत्र्याच्या छपराखाली दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या, आणि एक बाई चादर काढण्यापूर्वी तिचा कोपरा गालाला लावून बघत होती. त्या हवेत हाताला कोरडं लागलेलं कापड आतून दमट असतं, गालाला ते बरोबर कळतं. शंभर चादरी असतील तर शंभरदा ती गालाला लावणार. मी तिथेच उभी राहून बघत राहिले. ड्रायर असता तर हे काम तासाभरात झालं असतं, आणि त्यासाठी डिझेलचा जनरेटर दिवसभर घरघरला असता.

तिच्या पलीकडे डुकरांचा गोठा. खरकटं डुकरांना, डुकरांचं शेण टाकीत, आणि टाकीतल्या गॅसवर कामगारांचं जेवण शिजतं. व्यवस्थापक वीस वर्षांपूर्वी तिथेच भांडी घासायला लागला होता. वाटाड्याचे वडील सोनं धुणारे. ओसाच्या नद्यांच्या वाळूत सोनं सापडतं, आणि १९७५ साली कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान झाल्यावरही शेकडो लोक आत घमेली घेऊन बसलेले असत. १९८६च्या सुमारास त्यांना बाहेर काढलं गेलं. वडिलांना उठवलं त्याच जंगलात मुलगा आता माणसांना घेऊन जातो. २०१४ पासून परवानाधारक वाटाड्याशिवाय कोर्कोवादोत पाऊलच टाकता येत नाही, त्यामुळे हे काम पक्कं झालं आहे. मी त्याला विचारलं, वडील काय म्हणतात? तो म्हणाला, “त्यांना प्रत्येक ओढा पाठ आहे. मला त्यांनीच दाखवले.”

मी हीच जागा धरली.

मग ह्यूस्टनचा फोन. “एसी नाही? एवढ्या भाड्यात?” लेकीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पंचतारांकित हॉटेलाएवढे पैसे ती मोजणार होती. पैसे कुठे जातात ते मी तिला ओळीने लिहून पाठवलं. खोलीनंतरचा सगळ्यात मोठा आकडा वाटाड्याचा होता, कारण पाचही दिवस एक माणूस फक्त या कुटुंबासाठी ठेवला होता, दुर्बिणीच्या स्टँडसह. एसीचं मी सरळ सांगितलं, रात्री उकडणार, पहिली रात्र जड जाणार. आणि जाळीमुळे पहाटे साडेचारला हाउलर माकडं ओरडायला लागली की ती खोलीतच ओरडल्यासारखी वाटणार. ओसावर देशातल्या चारही जातींची माकडं आहेत. एसीच्या खोलीची खिडकी बंद असते, आत यातलं काही ऐकू येत नाही. लेकीने दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं.

काकूंच्या जेवणाने माझा महिना खाल्ला. कोस्टा रिकात सकाळ-संध्याकाळ भात आणि काळ्या घेवड्याची उसळ असते, शाकाहारी माणसाला वाटतं, झालं काम. पण त्या उसळीला पुष्कळ ठिकाणी डुकराची चरबी घालतात. ताटात ती दिसत नाही आणि वाढणारा सांगत नाही, कारण त्याच्या मते ती मांसात मोडतच नाही. दोन्ही स्वयंपाकघरांना मी स्पॅनिशमध्ये पत्र लिहिलं, चरबी नको, कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला भात नको, वेगळा तवा. लॉजच्या आचारीणबाईंनी उलट प्रश्न पाठवले. कांदा चालतो का? चीज? दहा प्रश्न होते. असे उलट प्रश्न आले की मला झोप लागते. नुसतं “काळजी नको” असं उत्तर आलं तर लागत नाही.

सहलीतली एकादशी काकूंनी आधीच कालनिर्णयात बघून ठेवली होती. त्यांनी विचारलं, साबुदाणा बरोबर न्यावा का? मी म्हटलं, काकू, न्यायची गरज नाही, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोच कंद तिथे रोज खातात, युका म्हणतात त्याला. त्यांना ते पटेना. एकादशीला ताटात पांढऱ्या, मऊ उकडलेल्या फोडी आल्या, वर मीठ आणि लिंबू. त्यांनी बोटाने एक फोड मोडून तिचा चिकटपणा बघितला, आणि मग खाल्ली. रात्री मला फोनवर बोलून निरोप पाठवला, “अगं, खिचडी हाताला लागते ना, तस्सं लागलं.”

सान हेरार्दो दे दोता समुद्रसपाटीपासून बावीसशे मीटर उंचीवर आहे. सफरचंदं, ट्राउट मासे आणि केत्झाल पक्षी यांचं खोरं. केत्झाल हिरवा, पोटाशी लालभडक, आणि नराच्या शेपटीची पिसं अंगापेक्षा लांब. तो जगतो बऱ्याच अंशी रानटी अॅव्होकॅडोच्या छोट्या फळांवर. ती झाडं शेतकऱ्यांच्या बांधावर आहेत, म्हणून शेतकरी ती जपतात आणि पहाटे बघायला येणाऱ्याकडून माणशी पैसे घेतात. मार्च हा केत्झालांच्या विणीचा काळ. काकूंना चढ नको म्हणून मी रस्त्याकडेचं शेत निवडायला सांगितलं होतं. पहाटे साडेपाचला शाल गुंडाळून त्या खुर्चीवर बसल्या, वाटाड्याने दुर्बीण त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणली, आणि नर समोरच्या फांदीवर वीस मिनिटं बसून राहिला. काका मात्र अर्ध्या वेळाने शेतकऱ्याकडे वळले होते. एका झाडाला किती फळ, झाडाची सावली सफरचंदाला बाधते का, वर्षाकाठी माणसं किती, सगळं जावयाच्या मोबाइलवरच्या भाषांतरातून. मला म्हणाले, “ताई, हा माणूस पाखराचं पीक घेतो.”

ओसावरचे पाच दिवस कुणी फारसं कुठे गेलं नाही. जावई आणि लेक एक दिवस कोर्कोवादोत जाऊन टापीर बघून आले. बाकी सगळं लॉजच्या वाटांवर आणि किनाऱ्यावर. नातवाचा एक व्हिडिओ माझ्याकडे आहे. किनाऱ्यावर बदामाची झाडं आहेत. आपल्याकडे सोसायट्यांच्या आवारात असतो तोच देशी बदाम, रुंद पानांचा, पानं लाल होऊन गळतात तो. मूळचा आपल्याच बाजूच्या, आशियाच्या किनाऱ्यांवरचा. लाल मकाव पोपटांना त्याची फळं फार आवडतात. व्हिडिओत वर दोन मकाव बसले आहेत, फळं कुरतडून खाली टाकताहेत, आणि खाली आठ वर्षांचा मुलगा त्यातलंच एक उचलून आजीला देतोय. काकू वाळूतल्या खडकावर ते फळ ठेवतात, दुसरा दगड बेताने मारतात आणि आतली बारीक पांढरी बी सोलून त्याच्या तळहातावर ठेवतात. “लहानपणी आम्ही शाळेच्या मागं बसून हेच करायचो,” असं त्या म्हणतात, आणि वरून एक फळ बरोबर त्यांच्या पायाशी पडतं.

परत आल्यावर काकांचा फोन आला तो जंगलाविषयी नव्हता. “ती डुकरांच्या गॅसची टाकी. तिची लांबी-रुंदी मला हवी आहे. माझ्या शेडवर चौदा गडी जेवतात, आणि गोठ्यात अकरा जनावरं आहेत.” मी लॉजला पत्र टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. तिथली देखभाल बघणाऱ्या माणसाने शाळेच्या चौकटीच्या वहीतलं पान फाडून त्यावर टाकी काढली होती, मापं मीटरमध्ये, बाण पेन्सिलीने, आणि कोपऱ्यात वेगळ्या रंगात लिहिलं होतं, नळी इथे वाकवू नका, पाणी साचतं. मी ते पान स्कॅन केलं, स्पॅनिश शब्दांच्या खाली मराठी लिहिलं आणि नाशिकला पाठवलं.